पाटे काढले तेव्हा लेव्हल आली

आमच्या गॅरेजमध्ये आलेली, यावल तालुक्यातली, दीड टन पासिंगची (तेवढाच माल वाहायची परवानगी असलेली) पिकअप. केळीच्या हंगामात कॅरेट, एरवी खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. पुढे कॉइल स्प्रिंगवर ४० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे तुकडे, टाकून गाडी उचललेली. मागे दोन्ही बाजूंना मूळ पाच पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगचे काम करणाऱ्या बाकदार पोलादी पट्ट्यांच्या, सेटमध्ये दोन-दोन जाड पाटे घुसवलेले, आणि त्याखाली, अ‍ॅक्सलच्या वर, ५० मिलिमीटरचा ब्लॉक, म्हणजे ठोकळा. हे सगळे आधीच एका ठिकाणी झालेले होते. तक्रारी चार: रिकामी गाडी मागून टणाटण उडते, गिअर टाकून जोर दिला की चाळीस-पन्नासच्या वेगाला खालून थरथर येते, रात्री हेडलाइट बोनेटच्या पुढ्यातच पडतो, आणि मागून पाहिले की गाडी उजवीकडे झुकलेली दिसते.

मालकाचे म्हणणे सोपे होते. "काय भो, मागून दोन इंच खाली घेऊन टाका, बस." ब्लॉक काढला की पन्नास मिलिमीटर खाली, तासाभराचे काम. पण तेवढ्याने चारपैकी एकच तक्रार गेली असती, हेडलाइटची, आणि तीही अर्धीच.

पिकअपच्या बाबतीत लेव्हल म्हणजे रिकाम्या गाडीची पुढची-मागची उंची सारखी, असा समज आहे. तो चुकीचा आहे. रिकामी असताना सपाट दिसणारी पिकअप माल भरला की ढुंगणावर बसते, नाक वर जाते, स्टेअरिंग हलके होते आणि समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत लाइट जातो. मागची बाजू रिकामी असताना उंचच हवी. किती उंच, हे रोजचा भार ठरवतो. ही गाडी रोज तीस-पस्तीस कॅरेट नेते, म्हणजे सहाशे-सातशे किलो. तेवढा माल चढल्यावर चेसिस जमिनीला समांतर यावी, हे आमचे लक्ष्य. डोळ्याने हे ठरत नाही, टेपने ठरते.

जमीन आधी तपासा

गॅरेजच्या फरशीला पाणी निघून जावे म्हणून उतार दिलेलाच असतो. आमच्याकडे चार चाकांच्या जागांमध्ये २२ मिलिमीटरचा फरक निघाला. गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घ्या. तिची दोन्ही टोके दोन जागी धरून पाण्याची रेघ जुळवली की एक-दोन मिलिमीटरपर्यंत फरक कळतो. जिथे खोल आहे तिथे चाकाखाली प्लायवूडच्या पट्ट्या टाकल्या आणि फरशीवर रंगाने खुणा केल्या, म्हणजे काम झाल्यावर गाडी बरोबर त्याच जागी उभी करता येते. हे न करता घेतलेल्या मापांवर पुढचे सगळे काम उभे करणे म्हणजे वाळूवर माडी.

मग गाडीची तयारी. चारही टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे, आणि एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, साधारण सारखे झिजलेले. डिझेल टाकी भरलेली. स्टेपनी जागेवर. हौदा रिकामा, म्हणजे खरोखर रिकामा; सीटमागची जॅक-पान्यांची पेटी, ताडपत्री, दोरखंड सगळे खाली. चाकांना लाकडी उट्या लावून हँडब्रेक सोडलेला. हँडब्रेक ओढलेला असेल तर मागचे पाटे मोकळे बसत नाहीत आणि माप पाच-सहा मिलिमीटर खोटे येते. गाडी तीन-चार मीटर पुढे-मागे ढकलायची, हौद्याच्या कोपऱ्यावर दाबून दोनदा झुलवायची, स्थिरावली की मोजायचे. हे सगळे तीनदा करून सरासरी. पहिल्या आणि तिसऱ्या खेपेत तीन मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर कुठेतरी बुश (सांध्यातले रबरी नळकांडे) अडकतो आहे.

माप कुठून घ्यायचे

डावी-उजवी तुलना हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायची. जमिनीपासून नाही, कारण त्यात टायरची झीज मिसळते. पुढची-मागची तुलना मात्र मडगार्डवर कधीच करू नका. पुढची कमान आणि हौद्याची कमान कंपनीतूनच वेगवेगळ्या उंचीवर कापलेली असते. त्यासाठी हौद्याखालचा चेसिसचा सरळ तुकडा निवडायचा. मागच्या अ‍ॅक्सलवर चेसिस वर वळलेली असते, ती जागा नको. आम्ही सरळ भागावर १,५०० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या. व्हीलबेस जवळपास ३,००० असल्याने तिथला फरक दुप्पट केला की पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक मिळतो.

पुढची खूण जमिनीपासून ५९०, मागची ६४०. फरक ५०, म्हणजे चाकांच्या हिशेबात मागची बाजू १०० मिलिमीटर उंच. कोनात सांगायचे तर जवळपास १.९ अंश नाकावर, म्हणजे पुढे झुकलेली. डावीकडे मागचे हब ते मडगार्ड ६६२, उजवीकडे ६४८. पुढे डावे-उजवे फक्त २ मिलिमीटर वेगळे.

झुकलेल्या गाडीत दोष पुढचा की मागचा हे मापावरून लगेच कळत नाही, कारण एक कोपरा बसला की तिरका समोरचा कोपराही हलतो. उपाय सोपा आहे. पुढच्या क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मधोमध जॅक लावून पुढची चाके जेमतेम उचलायची. आता पुढचा भाग एकाच टेकूवर डुलतो, म्हणून मागे दिसेल तो कल मागच्या पाट्यांचाच. आमच्याकडे १४ चे १५ झाले. म्हणजे पुढचा काही संबंध नाही. कल नाहीसा झाला असता तर पुढच्या स्प्रिंगकडे बघावे लागले असते, आणि मागे कितीही पाटे बदलले तरी गाडी झुकलेलीच राहिली असती.

गोण्या टाकून पाहिले

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर दोनदा गाडी खोलतात. सिमेंटच्या ५० किलोच्या दहा-दहा गोण्या अ‍ॅक्सलच्या थोड्या पुढे, डावी-उजवीकडे सारख्या ठेवल्या. कृषी केंद्रातून युरिया उचलत असाल तर गोणी ४५ किलोची धरा, २०१८ पासून ती ५० ची राहिलेली नाही. वीस गोण्यांत शंभर किलोचा घोळ होतो.

टनभर टाकल्यावर मागची डावी बाजू ३५ आणि उजवी ३९ मिलिमीटर बसली, सरासरी ३७. पुढची बाजू फक्त ६ ने खाली आली. म्हणजे टनभर माल भरूनही मागची बाजू पुढच्यापेक्षा ६९ मिलिमीटर वर. गाडी भरलेलीही नाकावरच चालत होती.

कारण पाट्यांच्या जाडीत आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. मूळ पाटे ८ मिलिमीटरचे, पाच. ८ चा घन ५१२, पाचांचे २,५६०. जादा घातलेले दोन पाटे १० मिलिमीटरचे, १० चा घन १,०००, दोनांचे २,०००. मोजदादीत फक्त दोन पाटे वाढले, पण सेट ७८ टक्के कडक झाला. "दोनच तर टाकलेत," असे म्हणणाऱ्याला हा हिशेब एकदा कागदावर दाखवावा. रुंदी आणि लांबी सारखी धरलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण गोण्यांच्या मापाशी तो जुळला: मूळ सेटवर टनाला ६६ मिलिमीटर बसायला हवे होते, इथे ३७.

आणि पाटे वाढवल्याने पासिंग वाढत नाही. आरसी बुकात दीड टन असेल तर दीडच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. शिवाय कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. स्वच्छ मार्ग म्हणजे पुढचे स्पेसर, मागचे ब्लॉक, जादा पाटे सगळे काढून गाडी मूळ उंचीवर आणणे. तसे सांगितलेही. काळ्या रानातल्या गाडवाटेसाठी पुढची उंची हवीच, असा आग्रह असल्याने पुढचे स्पेसर राहिले आणि मागची बाजू त्यांच्याशी जुळवायची ठरले. ते नसते तर हे काम अर्धे होते.

मिलिमीटरचा जमाखर्च

मागची बाजू मूळ उंचीपेक्षा ९५ ने वाढलेली होती. त्यातले ५० ब्लॉकचे. २० जादा पाट्यांच्या जाडीचे, कारण अ‍ॅक्सलच्या वर बसणाऱ्या सेटमध्ये खाली घातलेला प्रत्येक पाटा स्वतःच एक ब्लॉक असतो. उरलेले २५ कडकपणाचे, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाने पाटे पूर्वीइतके दबत नव्हते. सगळे काढले तर मागची बाजू पुढच्यापेक्षा फक्त ५ ने उंच राहील, कारण पुढे ४० चे स्पेसर आहेत. आम्हाला हवे होते ४०, कारण रोजच्या सहाशे किलोला मूळ पाटे तेवढेच बसतात. म्हणजे ३५ परत द्यायचे.

ते दिले असे: एक १० मिलिमीटरचा हेल्पर पाटा, जो रिकाम्या गाडीत बाकीच्यांना टेकतच नाही, आणि २५ मिलिमीटरचा भरीव ब्लॉक. हेल्परची जाडी १०, ब्लॉक २५, बेरीज ३५. हेल्पर ४० मिलिमीटर दबल्यावर टेकला पाहिजे. तोपर्यंत मूळ पाच पाटे एकटे काम करतात आणि गाडी मऊ चालते. त्यानंतर सेट सुमारे ३९ टक्के कडक होतो. हिशेबाने सहाशे किलोपर्यंत ४०, टनाला ५९, दीड टनाला ८२ च्या आसपास.

खोलताना काय सापडले

चेसिसला पुढच्या हँगरच्या (पाट्याचे पुढचे टोक जिथे टांगलेले असते त्याच्या) अलीकडे दोन्ही बाजूंनी स्टँड, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक. एकट्या जॅकवर पाटे खोलू नका. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सुटले की अ‍ॅक्सल फिरतो आणि सगळ्यात आधी ब्रेकचा होज ताणला जातो. शॉकअपचे खालचे बोल्ट आधी, मग यू-बोल्टचे चार नट तिरपे-तिरपे सैल, मग मागचे शॅकल (पाट्याचे मागचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी), शेवटी पुढचा डोळा (मुख्य पाट्याचे गोल वळवलेले टोक). गंजलेल्या यू-बोल्टवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ते पुन्हा वापरायचेच नसतात, कापून टाका. एकदा ताणले गेलेले आटे दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत.

उजवीकडच्या जादा पाट्यांपैकी एक सेंटर बोल्टच्या (पाटे मध्यावर एकत्र बांधणाऱ्या बोल्टच्या) भोकातून आडवा तुटलेला. तुटल्या जागी अर्धा भाग गंजून तपकिरी, अर्धा चकचकीत. म्हणजे चीर जुनी, शेवटचा तुकडा अलीकडे गेला. १४ मिलिमीटरच्या कलाचा मोठा वाटा हाच. पाटा बऱ्याचदा या भोकातूनच तुटतो. तिथे धातू कमी, आणि यू-बोल्ट सैल असतील तर सगळा वाक त्याच भोकावर येतो. यू-बोल्ट घट्ट असले की मधला भाग वाकतच नाही. म्हणून पाटा तुटला म्हणून नवा टाकायच्या आधी यू-बोल्ट सैल का झाले ते शोधावे. इथे कारण हातात होते: ५० चा ब्लॉक चौकोनी पाइप कापून, वर-खाली पट्ट्या वेल्डिंग करून बनवलेला. पाइपची एक भिंत आत दबलेली, वेल्डिंगला केसाएवढी चीर. ब्लॉक दबला की यू-बोल्ट आपोआप सैल पडतात. पोकळ ब्लॉक मोफत मिळाला तरी घेऊ नका, आणि एकावर एक दोन ब्लॉक तर अजिबात नको.

मूळ पाच पाटे दोन्ही बाजूंचे शाबूत. तारेच्या ब्रशने घासून प्रत्येकाचा मधला भाग आणि टोके तपासली. सेट बांधून दोन डोळ्यांच्या मध्यांतून दोरी ताणली आणि मध्यावर दोरी ते मुख्य पाटा हे अंतर, म्हणजे बाक, मोजला. डावा ११८, उजवा ११४. तीनहून जास्त फरक ठेवायचा नाही, म्हणून उजव्या सेटचे पाटे एकेक करून प्रेसवर घेतले. दोन आधारांवर पाटा ठेवून दर ४०–५० मिलिमीटरवर थोडा-थोडा दाब. एकाच जागी जोर दिला तर तिथे कोपरा पडतो आणि पुढे तिथूनच तुटतो. बाक दिल्यावर पाटा चार-पाच वेळा पूर्ण सपाट होईपर्यंत दाबून सोडायचा. दिलेल्यातले दोन-तीन मिलिमीटर तिथेच परत जातात. जे जायचे ते गाडीखाली जाण्याआधी जाऊ द्यावे. उजवा ११७ वर थांबला. पुरे.

गॅस कटरची ज्योत लावून पाट्याला बाक देणारे लोक अजूनही हायवेवर आहेत. पाट्याचे पोलाद पाणी चढवलेले, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेले असते. लाल होईपर्यंत तापवून तसेच थंड होऊ दिले की ते पाणी उतरते आणि पाटा साध्या लोखंडी पट्टीसारखा होतो. दोन महिने बाक टिकतो, मग बसतो. पंधरा-वीस मिलिमीटरहून जास्त बसलेला पाटा असेल तर नवा घ्या, किंवा भट्टी आणि तेलाची टाकी असलेल्या ठिकाणी रीतसर तापवून, विझवून, पुन्हा टेंपर करून घ्या.

पाट्यांमध्ये ग्रीस भरावे का, यावर दोन पंथ आहेत. आमचे मत नाही असे. केळी-कपाशीच्या रानातली बारीक काळी धूळ ग्रीसमध्ये बसली की तिची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते आणि पाटे एकमेकांना खातात. टोकांखालचे नायलॉनचे तुकडे बदलले, बाकी कोरडे ठेवले.

बांधणी

नवा सेंटर बोल्ट, पाचही मूळ पाटे, खाली हेल्पर. हेल्पर कमी बाकाचा असल्याने त्याच्या टोकाशी वरच्या पाट्यापासून फट राहते. ती १५ मिलिमीटर निघाली. मध्याची ४० मिलिमीटर दबण टोकाशी एवढीच दिसते, कारण हेल्पर आखूड असतो. ही फट ४० ठेवली तर हेल्पर कधी टेकणारच नाही. चूक इथे होते, आणि नंतर "हेल्पर टाकून काही फरक पडला नाही" अशी तक्रार येते.

ब्लॉकची वरची खाच सेंटर बोल्टच्या डोक्याला आणि खालचा खुंट अ‍ॅक्सलच्या गादीतल्या भोकाला बसला का, ते बोटाने चाचपा. डोके खाचेत न बसता कडेवर राहिले तरी यू-बोल्ट घट्ट होतात, सगळे ठीक वाटते, आणि पहिल्याच खड्ड्यात अ‍ॅक्सल मागे सरकतो. दोन्ही बाजूंना मुख्य पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर मोजून जुळवले. इथे पाच मिलिमीटरचा फरक राहिला तर गाडी खेकड्यासारखी तिरकी धावते.

यू-बोल्टची लांबी बाजारातून अंदाजाने आणू नये. पाट्यांची एकूण जाडी, ब्लॉक, अ‍ॅक्सल, खालची प्लेट, नटाची उंची आणि वर तीन आटे, एवढी बेरीज. जास्त लांब बोल्ट खाली लोंबतात आणि ऊस किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांत अडकतात. घट्ट करताना तिरपे-तिरपे, तीन-चार फेऱ्यांत, शेवटी टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत. चारही टोके नटाबाहेर सारखी दिसली पाहिजेत.

डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट मात्र अजून घट्ट करायचे नाहीत. रबर बुश ज्या स्थितीत आवळला जातो ती त्याची "आरामाची" स्थिती होते. गाडी जॅकवर लटकत असताना आवळला तर जमिनीवर आल्यावर तो कायम पिळलेला राहतो, स्प्रिंगसारखा गाडीला उचलून धरतो, माप पाच-सात मिलिमीटर वर दाखवतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत फाटतो. आधी गाडी चाकांवर उभी करा, झुलवा, पुढे-मागे ढकला, मग खाली शिरून आवळा.

थरथर कुठून येत होती

गाडीला एकसंध प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचे फिरणे मागच्या चाकांकडे नेणारा दांडा), दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे कोनात वाकूनही फिरणारे सांधे. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे असले तर पुढचा क्रॉस फिरण्याच्या वेगात जो चढउतार आणतो तो मागचा खोडून काढतो. त्यासाठी गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा आणि डिफरन्शियलचा पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमध्ये शिरणारा दांडा) एकमेकांना समांतर हवेत. मोबाइलमधले कोन मोजायचे अ‍ॅप चालते, फक्त प्रत्येक वेळी त्याच कडेवर टेकवा.

काम करण्याआधीचे माप: गिअरबॉक्स २ अंश, शाफ्ट ८ अंश, पिनियन ५ अंश, सगळे मागच्या दिशेने उतरते. म्हणजे पुढच्या क्रॉसवर ६ अंश आणि मागच्यावर ३. आधीच्या कामात कुणीतरी ब्लॉकसोबत ३ अंशाची पाचर घातली होती, पिनियनचे नाक शाफ्टकडे वळवायला. दिसायला ते बरोबर वाटते, पण एका क्रॉसचा कोन कमी करून दुसऱ्याचा तसाच ठेवला की थरथर वाढतेच. पाचर काढली, गाडीचा कल कमी झाला, आणि नवे माप आले: गिअरबॉक्स ३, शाफ्ट ७, पिनियन ३. दोन्हीकडे ४. तीनच्या आत असते तर आणखी बरे, पण उचललेल्या गाडीत हे चालते. पाट्यांच्या गाडीत जोर लागला की पिनियनचे नाक वर उठते, म्हणून उभ्या गाडीत ते अर्धा-एक अंश खाली राहिले तर बिघडत नाही. वर मात्र नको. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगचा कोन तिसरा हिशेब होतो, तो वेगळा मांडावा लागतो.

ब्रेकचा व्हॉल्व्ह

चार तक्रारींत हा मुद्दा नव्हता, आणि सगळ्यात धोकादायक हाच होता. हौद्याखाली ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली. माल भरला, चेसिस खाली आली की दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो. गाडी ९५ ने उचलल्यावर दांडीला गाडी कायम रिकामीच वाटत होती. टनभर माल भरूनही मागच्या ड्रमला रिकाम्या गाडीएवढाच दाब. पुढचे ब्रेक पॅड पत्र्यापर्यंत झिजलेले होते, त्याचे कारण तिथेच. मागची बाजू मूळ उंचीपेक्षा आता ३५ वर असल्याने दांडीचा अ‍ॅक्सलकडचा कंस ३५ मिलिमीटर वर घेतला आणि पुस्तिकेतल्या मापाने दांडी जुळवली. व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवून अंदाजाने जमवू नका.

होज, हँडब्रेकची केबल, शॉकअप: अ‍ॅक्सल पूर्ण लटकवून यातले काहीही ताणत नाही ना, एवढे बघितले. शॉकअप मूळ लांबीचेच पुरले. बंप स्टॉपरपर्यंत (पाटे पूर्ण दबले की अ‍ॅक्सल ज्यावर टेकतो त्या रबरापर्यंत) रिकामी फट ११०, टनभर भारात ५०.

पुन्हा गोण्या, मग रस्ता

खुणा केलेल्या त्याच जागेवर रिकामी गाडी: चेसिसचा फरक २० ऐवजी २०.५, म्हणजे चाकांमध्ये ४१. डावे-उजवे ४ मिलिमीटर, ते सोडून दिले. बारा गोण्यांवर हेल्पर टेकला, तिथे चेसिस जवळपास समांतर. वीस गोण्यांवर मागची बाजू ६१ ने बसली. हिशेबापेक्षा २ जास्त.

हेडलाइट शेवटी, कारण मागची बाजू ६० ने उतरली की तीन मीटरच्या व्हीलबेसवर झोत २ टक्के वर उठतो. दहा मीटरवरच्या भिंतीवर हे २० सेंटीमीटर होतात. आधी नाकावर असताना कुणीतरी लाइट वर करून ठेवले होते, ते तसेच सोडले असते तर बऱ्हाणपूर रस्त्यावर समोरचा प्रत्येक जण शिव्या देत गेला असता. दहा मीटरवर झोताची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली आणली, आत ड्रायव्हर बसवून.

शंभर किलोमीटर भार घेऊन चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासले. आठपैकी पाच नट पाव फेरी फिरले, हे अपेक्षितच असते. पाटे, नवा ब्लॉक, रंगाचा थर सगळे बसते. पाचशे किलोमीटरला एकही हलला नाही. त्या दिवशी मागची बाजू ३ मिलिमीटर आणखी बसलेली होती, फरक ३८.

"आता मागे बसलेला माणूस शिव्या देत नाही," एवढेच मालकाने सांगितले. काढलेले तीन शाबूत पाटे त्याने हौद्यात टाकून नेले. बैलगाडीला लागतील म्हणाला.